खासगी क्लाउडचा मुनीम कसा बदलतात

शनिवारीं दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी अंमळ लवंडली असतां भ्रमणध्वनीवर बँकेचा निरोप येतो. 'आज रात्रीं बारापासून पहाटे चारपर्यंत देखभालीच्या कामामुळें कांहीं सेवा खंडित होण्याचा संभव आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' गृहिणी तो वाचते आणि बाजूस ठेवते. घरांतील वडील मंडळींच्या मनांत मात्र शंका येते कीं, जें सुरळीत चाललें आहे त्याला मुद्दाम हात कशाला लावावा? ही शंका केवळ वडिलांचीच असते असें नाहीं. ज्यांच्या देखरेखीखालीं हें काम व्हावयाचें असतें त्या अधिकाऱ्यांनाहि ती येते, आणि तिच्यामुळें अशीं कामें वर्षानुवर्षें पुढें ढकललीं जातात. देखभालीच्या रात्रीं जीं नाना प्रकारचीं कामें चालतात, त्यांपैकीं एकाची ओळख येथें करून द्यावयाची आहे. तें काम म्हणजे खासगी क्लाउडचा कारभार पाहणारा सर्व्हर जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेणें.

क्लाउड म्हणजे मेघ. भारत सरकारनें सरकारी खात्यांसाठीं अशी योजना २०१४ सालीं सुरू केली, तेव्हां तिला 'मेघराज' असेंच नांव दिलें. परंतु नांव मेघाचें असलें तरी वस्तु सर्वस्वीं जमिनीवरची आहे. थंड राखलेली एक बंदिस्त खोली, तींत लोखंडी मांडण्या, आणि त्या मांडण्यांवर एकावर एक रचलेले बळकट संगणक, असें तिचें दृश्य रूप असतें. या संगणकांना सर्व्हर म्हणतात. ते जेव्हां एखाद्या बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा विद्यापीठाच्या केवळ स्वतःच्या उपयोगासाठीं राखलेले असतात, आणि त्या संस्थेच्या निरनिराळ्या खात्यांना त्यांची शक्ति मागणीप्रमाणें वांटून देण्याची सोय केलेली असते, तेव्हां त्या सगळ्या व्यवस्थेस खासगी क्लाउड म्हणतात. खानावळींतील जेवण आणि घरचा स्वयंपाक यांत जो फरक, तोच सार्वजनिक व खासगी क्लाउडमध्यें आहे. घरीं चूल स्वतःच्या ताब्यांत असते. पण ती सारवण्याचें कामहि स्वतःवरच येतें.

पूर्वीं एका कामास एक सर्व्हर अशी रीत होती. पगारपत्रकास एक, टपालास एक, ठेवींच्या खात्यांस एक. त्यांतील बहुतेक यंत्रें दिवसाचा पुष्कळसा वेळ रिकामीं बसत. वीज मात्र पुरी खात. यावरील उपाय जुनाच आहे. आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीनें १९७२ सालीं आपल्या मोठ्या संगणकांसाठीं व्ही.एम. ३७० नांवाची प्रणाली बाहेर काढली होती. तिच्या योगानें एकाच यंत्राच्या पोटांत अनेक स्वतंत्र यंत्रें असल्याचा भास निर्माण करतां येई. पुढें साध्या संगणकांवर हीच किमया आणण्यासाठीं कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें १९९८ सालीं व्हीएमवेअर ही कंपनी निघाली. १९९९ सालीं तिनें टेबलावरच्या संगणकासाठीं, आणि २००१ सालीं सर्व्हरसाठीं आपली प्रणाली विक्रीस आणली. अशा प्रणालीस हायपरव्हायझर म्हणतात. तिच्या पोटांत चालणाऱ्या प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला मराठींत आभासी यंत्र म्हणतां येईल. 'आभासी' या शब्दानें कोणी फसूं नये. पेन्शनरांचे पैसे खात्यांत जमा करणारा कार्यक्रम अशा एखाद्या आभासी यंत्रांतच चालत असतो, आणि ते पैसे खरे असतात.

एका सर्व्हरवर वीस आभासी यंत्रें आणि असे सोळा सर्व्हर, म्हणजे तीनशेंवर यंत्रांचा संसार झाला. प्रत्येक सर्व्हरकडे जाऊन कोणतें यंत्र कोठें आहे, कोणाला किती स्मृति दिली आहे, कोणाचा भार वाढला आहे हें पाहणें माणसाच्या आवांक्याबाहेरचें आहे. म्हणून २००३ सालीं त्या कंपनीनें एक देखरेख करणारा सर्व्हर निर्माण केला. पुढें २००९ मध्यें त्याचें नांव व्हीसेंटर असें झालें. त्याचें काम समजण्यास पेढीचा दाखला पुरेसा आहे. सोळा सर्व्हर म्हणजे पेढीच्या सोळा वखारी, त्यांत ठेवलेलीं आभासी यंत्रें म्हणजे माल, प्रत्येक वखारीवरचा हायपरव्हायझर म्हणजे तेथला गुमास्ता, आणि व्हीसेंटर म्हणजे सर्वांच्या चोपड्या ठेवणारा मुनीम. कोणता माल कोठें आहे हें मुनीम जाणतो. एका वखारींत दाटी झाली तर तो माल दुसरीकडे हलवितो, आणि तोहि यंत्र बंद न पाडतां, चालत्या स्थितींत. नवें यंत्र उभारावयाचें, कोणास कोणता अधिकार द्यावयाचा, हेंहि त्याच्याच हातून होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मुनीम दोन तास गैरहजर राहिला म्हणून वखारींतील माल नाहींसा होत नाहीं. व्हीसेंटर बंद असतां आभासी यंत्रें आपापल्या जागीं निर्वेध चालत राहतात. इतकेंच नव्हे, तर एखादा सर्व्हर अकस्मात् मोडला, तर त्यावरचीं यंत्रें दुसरीकडे पुन्हां सुरू करण्याची जी योजना आधीं लावून ठेवलेली असते, ती गुमास्तेच आपसांत पार पाडतात. त्या घटकेस मुनीम लागत नाहीं. मग अडतें काय? एकेका सर्व्हरकडे स्वतंत्रपणें गेल्याखेरीज नवें यंत्र उभारतां येत नाहीं, चालतें यंत्र हलवितां येत नाहीं, भाराची वांटणी आपोआप होत नाहीं, आणि बहुतेक बॅकअप घेणारे कार्यक्रम मुनिमाला विचारूनच काम करीत असल्यामुळें तेहि थांबतात. म्हणजे पेढी चालूच राहते, पण आंधळेपणानें चालते. एखाद्या रात्रीपुरतें हें सोसतें. आठवडाभर सोसत नाहीं.

आतां मूळ शंकेकडे वळूं या. चालत्या मुनिमास बदलावें तरी कशाला? पहिलें कारण असें कीं, प्रत्येक आवृत्तीच्या सांभाळाची एक मुदत असते. व्हीएमवेअरच्या ६.५ व ६.७ या आवृत्त्यांची मुदत १५ ऑक्टोबर २०२२ रोजीं संपली. सातव्या आवृत्तीची २ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. मुदत संपली म्हणजे यंत्र बंद पडतें असें नाहीं. तें पूर्वीप्रमाणेंच चालतें, आणि धोका तेथेंच आहे. त्यानंतर एखादें नवें छिद्र सांपडलें, तर तें बुजविणारी दुरुस्ती सर्वसाधारण ग्राहकाला मिळण्याची शाश्वति राहत नाहीं.

अशीं छिद्रें सांपडतात काय? सांपडतात, आणि चोरांनाहि सांपडतात. २३ फेब्रुवारी २०२१ रोजीं कंपनीनें एकाच सूचनापत्रकांत व्हीसेंटरमधील व हायपरव्हायझरमधील गंभीर दोष जाहीर केले आणि दुरुस्त्याहि दिल्या. त्याच वर्षीं मे व सप्टेंबर महिन्यांत व्हीसेंटरमधील आणखी दोन गंभीर दोष बाहेर आले. यांतील कांहीं दोष असे होते कीं, पासवर्ड ठाऊक नसतांहि केवळ जाळ्यांतून पोंचणाऱ्या माणसाला मुनिमाच्या गादीवर बसतां यावें. ज्याच्या हातीं सर्व वखारींच्या किल्ल्या, त्याची गादी चोरानें घेतल्यावर उरलें काय?

ज्यांनीं दुरुस्ती केली ते सुटले. ज्यांनीं 'पुढें पाहूं' म्हटलें, त्यांच्यापैकीं अनेकांना त्याची किंमत दोन वर्षांनीं द्यावी लागली. ३ फेब्रुवारी २०२३ च्या सुमारास फ्रान्सच्या संगणक-सुरक्षा केंद्रानें इशारा दिला कीं, जुन्या हायपरव्हायझरांवर हल्ला चालू आहे. हल्लेखोर आभासी यंत्रांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागत होते. जगभर तीन हजारांहून अधिक सर्व्हर यांत सांपडल्याचें अमेरिकन शासनाच्या संस्थांनीं नमूद केलें. या हल्ल्याचा ज्या दोषाशीं संबंध जोडण्यांत आला, त्याची दुरुस्ती २०२१ च्या त्या फेब्रुवारीपासून उपलब्ध होती. 'चाललें आहे तें चालूं द्या' हें धोरण दिसावयास सावधपणाचें असतें. हिशेब मांडला म्हणजे तें उधारीचें ठरतें, आणि ती उधारी व्याजासकट फेडावी लागते.

या उधारीचा दुसरा प्रकार कमी भयंकर, पण अधिक नित्याचा आहे. आवृत्त्यांच्या शिडीवरून कोठूनहि कोठें उडी मारतां येत नाहीं. २०१३ सालच्या ५.५ या आवृत्तीवर जो थांबून राहिला, त्याला थेट आठव्या आवृत्तीवर येतां येत नाहीं. त्यानें आधीं ६.५ वर यावें, तेथून ७.० वर, आणि मग ८.० वर. म्हणजे जो दर दोन-तीन वर्षांनीं एक पायरी चढला असता, त्याला एका दमांत तीन पायऱ्या चढाव्या लागतात. शिवाय वाटेंत घरच पालटलेलें असतें. एके काळीं व्हीसेंटर विंडोजवर बसवीत. २०१८ ची ६.७ ही त्या प्रकारची शेवटची आवृत्ति ठरली, आणि २०२० च्या सातव्या आवृत्तीपासून तो केवळ स्वतःच्या लिनक्ससह तयार मिळणारें एक आभासी यंत्र म्हणूनच येऊं लागला. ज्यांनीं दिरंगाई केली त्यांना आवृत्ति आणि घर दोन्ही एकदम बदलावीं लागलीं.

तर मुनीम बदलणें टळत नाहीं. प्रश्न उरतो तो पेढी न थांबवितां तो कसा बदलावा एवढाच. या विद्येचें सारें मर्म एका नियमांत सांगतां येतें: ज्या पावलावरून मागें फिरतां येतें तीं पावलें आधीं टाकावीं, आणि ज्यावरून मागें फिरतां येत नाहीं तीं सर्वांत शेवटीं. पुढील सर्व क्रम या एकाच नियमांतून निघतो.

समजा, मुंबईंतील एका सहकारी बँकेचे असे सोळा सर्व्हर आहेत आणि तिला सातव्या आवृत्तीवरून आठव्या आवृत्तीवर यावयाचें आहे. पहिला प्रश्न असा कीं, आधीं मुनीम बदलावा कीं आधीं गुमास्ते? आठव्या आवृत्तीचा मुनीम सातव्या आवृत्तीच्या गुमास्त्यांची भाषा समजूं शकतो; सातव्या आवृत्तीचा मुनीम मात्र आठव्या आवृत्तीच्या गुमास्त्यास ओळखीत नाहीं. म्हणून मुनीम आधीं, गुमास्ते मागाहून.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. मुनिमाशीं इतरांचाहि व्यवहार असतो. बॅकअपचा कार्यक्रम, साठवणुकीच्या यंत्रणेचीं जोड-उपकरणें, देखरेखीचे कार्यक्रम हे सर्व नव्या मुनिमाशीं बोलूं शकतील काय, हें प्रत्येक उत्पादकाच्या सुसंगति-तक्त्यांत पाहावें लागतें. येथें झालेल्या चुकीचें वैशिष्ट्य असें कीं, ती लगेच कळत नाहीं. बॅकअपच्या कार्यक्रमास नवा मुनीम ओळखतां आला नाहीं, तर त्या रात्रीं बॅकअप होत नाहीं, दुसऱ्या रात्रींहि होत नाहीं, आणि ज्या दिवशीं हरवलेली फाईल परत हवी असते त्या दिवशीं तें उघडकीस येतें. म्हणून गरज असेल तेथें हे शेजारी आधीं नव्या आवृत्तीवर आणून ठेवतात. दोन्ही मुनिमांशीं बोलूं शकेल अशी त्यांची आवृत्ति निवडतात.

तिसरी तयारी बारीकसारीक गोष्टींची. नांवावरून पत्ता आणि पत्त्यावरून नांव हीं दोन्ही बरोबर निघतात काय? सर्व यंत्रांचीं घड्याळें जुळतात काय? ओळख पटविण्याचे सांकेतिक परवाने वेळेवर अवलंबून असतात; घड्याळांत फार अंतर पडलें तर खरा माणूसहि खोटा ठरतो. मुनिमाच्या मूळ खात्याच्या पासवर्डची मुदत संपलेली नाहीं ना? प्रमाणपत्रांची मुदत संपत आलेली नाहीं ना? पंधरा मिनिटांत पाहून होणाऱ्या या गोष्टी आहेत. न पाहिल्यास त्यांपैकीं कोणतीहि एक रात्रीं दोन वाजतां काम अडवून धरण्यास पुरेशी असते.

चौथी तयारी चोपड्यांच्या नकलेची. व्हीसेंटर स्वतःचा बॅकअप स्वतः घेऊं शकतो. तो या सोळा वखारींच्या बाहेर, निराळ्या जागीं ठेवावयाचा असतो. घराची किल्ली घरांतच ठेवून दार ओढून घेण्यांत अर्थ नाहीं. त्याच रात्रीं मुनीम बंद करून त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणींच्या स्थितीची खूणहि घेऊन ठेवतात. एक सावधगिरी अशी कीं, दोन-तीन व्हीसेंटर एकमेकांशीं जोडलेले असतील, तर ते सतत आपल्या चोपड्या परस्परांशीं ताडून पाहत असतात. त्यांपैकीं एकालाच कालच्या स्थितीवर मागें नेलें तर त्यांचे हिशेब कायमचे बिघडतात. म्हणून अशा वेळीं सर्वांना एकाच वेळीं बंद करून सर्वांचे स्नॅपशॉट घेतात, आणि मागें न्यावयाचें झालें तर सर्वांना मिळून नेतात.

पांचवी गोष्ट गमतीची वाटेल. व्हीसेंटर हा स्वतःच एक आभासी यंत्र असल्यामुळें, ज्या वखारींवर तो देखरेख करतो त्यांतल्याच एका वखारींत तो राहत असतो. तो बंद पडला, तर तो कोणत्या वखारींत आहे हें विचारावयाचें कोणाला? सांगणारा तोच. म्हणून तो कोणत्या सर्व्हरवर आहे हें कागदावर लिहून ठेवतात, आणि त्या रात्रीपुरती त्याला आपोआप इकडेतिकडे हलविण्याची व्यवस्था बंद करतात. याच जातीचा दुसरा फांस जाळ्याच्या जोडणीचा आहे. सर्व सर्व्हरांवर पसरलेल्या सामाईक स्विचवर नवीन यंत्रास साधारणतः मुनीमच जागा नेमून देतो. मुनीम स्वतःच नवा येत असेल तर त्याला जागा कोण देणार? त्याच्यासाठीं मुनिमाची परवानगी न लागणारी एक वाट आधींच मोकळी ठेवावी लागते.

ठरलेला दिवस उगवतो. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारीं बँका बंद असतात. बँक अशाच एखाद्या शनिवारची रात्र निवडते. काम सुरू होण्यापूर्वीं सर्व खात्यांना कळविलेलें असतें कीं, सूचना मिळेपर्यंत कोणींहि नवें यंत्र मागूं नये, जुन्यांत फेरफार करूं नये.

पुढील काम दोन टप्प्यांत होतें. पहिल्या टप्प्यांत जुन्या मुनिमास हातहि लावीत नाहींत. त्याच्या शेजारीं आठव्या आवृत्तीचा एक नवा, कोरा मुनीम उभा करतात आणि त्याला तात्पुरता पत्ता देतात. या टप्प्यांत कांहीं चुकलें तर नवें यंत्र पुसून टाकावें आणि पुन्हां आरंभ करावा. पेढीला कांहींच कळत नाहीं. जुनेंच यंत्र उघडून त्यांत फेरबदल करीत बसण्यापेक्षां ही रीत सुरक्षित कां, हें यावरून दिसून येईल.

दुसऱ्या टप्प्यांत चोपड्यांची नक्कल होते. जुन्या मुनिमाजवळची मांडणी, अधिकारपत्रें व नोंदी नव्याकडे उतरवून घेतात. केवळ मांडणी न्यावयाची, कीं जुन्या घडामोडींची रोजनिशीहि न्यावयाची, कीं भाराचे जुने आंकडेहि न्यावयाचे, हें आधीं ठरवावें लागतें. जितकें ओझें अधिक तितका वेळ अधिक. नक्कल होतांना जुना मुनीम बंद होतो, आणि नवा त्याचेंच नांव, त्याचाच पत्ता आणि त्याचींच ओळखपत्रें घेऊन त्याच गादीवर बसतो. वखारींतील गुमास्त्यांना आणि शेजाऱ्यांना गादीवरचा माणूस बदलला याची दखल घ्यावी लागत नाहीं. नांव तेंच, पत्ता तोच. मात्र या क्षणापासून दोघांनीं एकाच वेळीं जागें असतां कामा नये. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, तसे एका पत्त्यावर दोन मुनीम राहत नाहींत.

आणि येथेंच या रीतीचें खरें शहाणपण आहे. जुना मुनीम बंद केलेला असतो, मोडलेला नसतो. त्याच्या चोपड्या जशाच्या तशा असतात. नव्याचें कांहीं बिनसलें, तर नव्यास बंद करावें आणि जुन्यास सुरू करावें; घटकाभरांत पेढी पूर्वस्थितीवर येते. परतीची ही वाट मोकळी आहे म्हणूनच रात्रीं दोन वाजतां काम करणाऱ्या माणसाचा हात कांपत नाहीं.

परंतु ही वाट दिवसेंदिवस अरुंद होत जाते. नवा मुनीम गादीवर बसल्यानंतर ज्या घडामोडी होतात त्या फक्त त्याच्याच चोपडींत उतरतात. सोमवारीं कोणीं दोन नवीं यंत्रें उभारलीं, कोणाचे अधिकार बदलले, आणि बुधवारीं जुन्या मुनिमास परत आणलें, तर त्याला सोमवार ठाऊकच नसतो. त्याच्या लेखीं शनिवारची रात्र अजून संपलेली नसते. म्हणून परत फिरावयाचें असल्यास तें त्याच रात्रीं, सकाळच्या अमुक एका वेळेपूर्वीं ठरवावें लागतें; आणि ती वेळ काम सुरू होण्यापूर्वींच कागदावर लिहावी लागते. थकलेला माणूस 'आणखी अर्धा तास पाहूं' असें म्हणत राहतो. म्हणून हा निर्णय पहाटेवर न सोंपवितां दुपारींच करून ठेवलेला बरा.

नवा मुनीम बसल्यावर त्याची परीक्षा होते. सोळाहि वखारी त्याला दिसतात काय? एक यंत्र एकीकडून दुसरीकडे हलवून पाहिलें काय? बॅकअपचा कार्यक्रम खरोखर चालवून पाहिला काय? परवान्याची नोंद केली काय? या शेवटच्या गोष्टीचा विसर पुष्कळांना पडतो. मोठी आवृत्ति बदलली कीं नवा परवाना लागतो, आणि तो न घातल्यास ६० दिवस सर्व कांहीं परीक्षणाच्या मुदतींत छान चालतें. मुदत संपली कीं वखारी मुनिमापासून तुटूं लागतात. तोंपर्यंत त्या शनिवारची आठवणहि कोणास राहिलेली नसते, त्यामुळें कारण शोधण्यांतच दिवस जातो.

मुनीम स्थिर झाल्यावर गुमास्त्यांचा क्रम लागतो. तोहि एका रात्रींत नव्हे. एक सर्व्हर घ्यावा, त्यावरचीं सर्व आभासी यंत्रें चालत्या स्थितींत शेजारच्या सर्व्हरांवर हलवावीं, रिकाम्या झालेल्या सर्व्हरची आवृत्ति बदलावी, तो पुन्हां सुरू करून तपासावा, आणि मग दुसऱ्याकडे वळावें. चाळींतील एकेक खोली रिकामी करून चुना द्यावा तसें हें काम आहे. त्यासाठीं बाकीच्या खोल्यांत त्या बिऱ्हाडापुरती जागा शिल्लक असली पाहिजे. ज्या संस्थेनें काटकसर म्हणून एकाहि सर्व्हरची ऐसपैस ठेवलेली नाहीं, तिला या वेळीं ती काटकसर महागांत पडते.

सर्व्हर बदलतांना परतीची वाट नेहमींच उरते असें नाहीं. सहाव्या पिढींतून सातवींत जातांना डिस्कवरील मांडणीच पालटली, त्यामुळें मागें फिरण्याची सोय उरली नाहीं. शिवाय जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर सातव्या आवृत्तींतून काढून टाकण्यांत आले; त्यांवरच विसंबून असलेलीं जुनीं कार्डें एकाएकीं मुकीं झालीं. म्हणून प्रत्येक सर्व्हरचा प्रोसेसर, कार्डें आणि त्यांचे ड्रायव्हर नव्या आवृत्तींत मान्य आहेत कीं नाहींत, हें आधीं यादींत पाहावयाचें, आणि पहिला प्रयोग कमी महत्त्वाच्या सर्व्हरवर करावयाचा.

सर्वांत शेवटीं तीं पावलें येतात ज्यांवरून मुळींच मागें फिरतां येत नाहीं. सामाईक स्विचची आवृत्ति वाढविली कीं ती उतरत नाहीं. आभासी यंत्राच्या आभासी सांगाड्याची आवृत्ति वाढविण्यासाठीं तें यंत्र बंद करावें लागतें, आणि एकदां वाढविल्यावर सरळ मार्गानें ती कमी होत नाहीं. हीं कामें उत्साहाच्या भरांत त्याच रात्रीं उरकून टाकण्याचा मोह होतो. अनुभवी माणूस तसें करीत नाहीं. पंधरा दिवस नवा कारभार निर्वेध चालला, बॅकअप परत आणून पाहिला, महिनाअखेरचा ताण सोसला, म्हणजे मग तो या पावलांस हात घालतो. आणि ज्या यंत्रास नव्या सांगाड्याची गरजच नाहीं, त्याला तसेंच राहूं देतो.

२०२३ च्या नोव्हेंबरांत व्हीएमवेअर ही ब्रॉडकॉम कंपनीच्या मालकीची झाली. त्यानंतर परवाने एकदांच विकत घेण्याची जुनी रीत बंद होऊन ठराविक मुदतीच्या वर्गणीची रीत आली, आणि अनेक संस्था ओपनस्टॅक, प्रॉक्समॉक्स अशा मुक्त प्रणालींचा विचार करूं लागल्या. त्यांची रचना निराळी आहे, पायऱ्यांचा तपशीलहि निराळा आहे. परंतु देखरेख करणारा आधीं, वखारी मागाहून; नव्याची उभारणी शेजारीं, जुन्याचें विसर्जन उशिरां; आणि न फिरणारें पाऊल शेवटीं, हा क्रम विचारांत घेतल्यावांचून तेथेंहि कोणाची सुटका नाहीं.

रविवारीं पहाटे चारच्या सुमारास बँकेच्या त्या थंड खोलींत कोणी तरी यादींतील शेवटच्या ओळीसमोर खूण करतो. बंद केलेल्या जुन्या यंत्राच्या नांवापुढें 'पंधरा दिवस पुसूं नये' असें लिहितो, आणि घरीं जातो. सोमवारीं सकाळीं पेन्शन काढावयास आलेल्या वृद्ध गृहस्थांना खिडकीवर नेहमींप्रमाणें पैसे मिळतात. शनिवारीं दुपारीं आलेला निरोप त्यांच्या लक्षांतहि राहिलेला नसतो.